मूल स्काउट-गाइड पथकात जाणार आहे? नव्या पालकांसाठी धागा

गाठनिरगाठ

नवीन मुलं आली की त्यांच्या पालकांकडून दर वेळी तेच प्रश्न येतात. एकदा इथे सविस्तर लिहून ठेवू, म्हणजे पुढच्यांना दुवा देता येईल. या गटात भारत, ब्रिटन आणि अमेरिका तिन्हीकडची मंडळी आहेत, तेव्हा आपापल्याकडचे फरक जोडत जा.

सगळ्यात मोठा घोळ असा की पालक पथकाला क्लास समजतात. क्लासात शिकवणारा एक आणि शिकणारे तीस. पथकाची घडण निराळी आहे. इथे सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो आणि त्याचा संघनायक त्यांच्यातलाच, वर्ष-दोन वर्षांनी मोठा. असे तीन-चार संघ मिळून पथक. पथकाचं माप भारतात साधारण ३२ मुलांपर्यंत. पथकप्रमुख मोठा माणूस असतो, पण त्याचं मुख्य काम संघनायकांना तयार करणं. बाकीच्या मुलांना शिकवायचं काम संघनायक करतात. १९०७ साली स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाही वीसेक मुलांचे चार संघ केले होते. संघटना, अभ्यासक्रम, सोपान (म्हणजे प्रगतीचे टप्पे) नंतर आले. संघ पहिल्या दिवसापासून आहे.

(इंग्रजीत याला पेट्रोल म्हणतात. मुलगा घरी येऊन 'आमच्या पेट्रोलची मीटिंग आहे' म्हणाला तर दचकू नका.)

त्यामुळे पहिल्या दिवशी दारात उभं राहून बघितलंत तर गोंधळच दिसेल. बारा वर्षांची पोरगी दहा वर्षांच्या पाचजणींना दोरी कशी धरायची ते सांगते आहे, दोघी ऐकत नाहीत, कॅप्टन, म्हणजे गाइडांच्या पथकप्रमुख, लांब उभ्या राहून काहीच करत नाहीत. त्या मुद्दामच काही करत नसतात. तिथे मध्ये पडलं की त्या पोरीचं नायकपण संपलं.

दीड तासाच्या सभेचा क्रम बहुतेक ठिकाणी असा: सुरुवातीला सगळे घोड्याच्या नालेच्या आकारात उभे राहतात, ध्वज, प्रार्थना, मग तपासणी. संघनायक आपापल्या मुलांची नखं, गणवेश, हजेरी बघतो. पंधरा मिनिटं यात जातात. मग एक पळापळीचा खेळ, कारण बसून आलेल्या मुलांची आधी वाफ जायला लागते. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं कौशल्य, मग संघाचा कोपरा. या कोपऱ्यात संघ आपापला बसून पुढच्या सहलीचं ठरवतो. हाच भाग सभेचा गाभा, आणि पालक नेमके याच वेळी 'आता काही चाललेलं दिसत नाही' म्हणून मुलाला लवकर न्यायला येतात. तसं करू नका. शेवटी पुन्हा खेळ, सूचना, ध्वज उतरवणं.

नवखी_आई

छान लिहिलंय. माझे प्रश्न अगदीच बाळबोध आहेत. मुलगी आठ वर्षांची आहे. ती कुठे बसते? आणि पहिल्या दिवशी सोबत काय द्यायचं?

गाठनिरगाठ

भारतात असाल तर बुलबुल. कब (मुलगे) आणि बुलबुल (मुली) ५ ते १०, स्काउट-गाइड १० ते १७, पुढे २५ पर्यंत रोव्हर-रेंजर. कब-बुलबुलच्या वयात संघ नसतो, सहा-सहाजणांचे गट असतात आणि मोठ्यांचा हात जास्त असतो. नायकपण तिथे नावापुरतंच, रांगेत पुढे उभं राहण्याइतकं.

पहिल्या दिवशी वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, पळता येईल असे बूट. दोरी नंतर लागेल: तीन मीटर, बोटाएवढी नाही, ८ मिलिमीटरच्या आसपास, आणि सुती. गुळगुळीत नायलॉन आणू नका. त्यावर बरोबर बांधलेली गाठही सरकते आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. दोरीची दोन्ही टोकं दोऱ्याने आवळून बांधून द्या, नाहीतर महिन्याभरात तिचा झाडू होतो.

गणवेश लगेच शिवू नका.

सातासमुद्रापार

ब्रिटनमधले टप्पे: स्क्विरल्स ४ ते ६, बीव्हर्स ६ ते ८, कब्ज ८ ते साडेदहा, स्काउट्स साडेदहा ते १४, एक्सप्लोरर्स १४ ते १८. म्हणजे आठची मुलगी कब्जमध्ये. स्काउट्सच्या सगळ्या विभागांत मुलगे-मुली एकत्र असतात. गर्लगायडिंग ही वेगळी संस्था आहे, तिथे फक्त मुली. भारतासारखं दोन्ही एका छत्राखाली नाही. नाव नोंदवताना कोणत्या संस्थेत नोंदवतोय हे बघून घ्या, खूपजणांची इथेच गफलत होते.

प्रतीक्षायादी असते, आणि ती लांबण्याचं कारण जागा कमी हे नसतं, मोठे स्वयंसेवक कमी हे असतं. पालकांपैकी कोणी पंधरा दिवसांतून एक संध्याकाळ मदतीला येत असेल तर ते फॉर्म भरतानाच लिहा.

डेनदादा

अमेरिकेचं जोडतो. संस्थेचं नाव २०२५ पासून स्काउटिंग अमेरिका झालं आहे, जुन्या कागदांवर बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका दिसेल. कब स्काउट्स बालवाडीच्या वरच्या वर्गापासून पाचवीपर्यंत: एका इयत्तेच्या मुलांचं डेन आणि सगळी डेन मिळून पॅक. लायन आणि टायगर या सर्वांत लहान दोन डेनमध्ये मुलासोबत एका मोठ्या माणसाने थांबायचंच असतं. सोडून निघून जाता येत नाही, तेव्हा त्या तासाला फोनवर मीटिंग ठेवू नका.

पाचवीनंतर ट्रूप, म्हणजे पथक. पॅकमध्ये बरंचसं आईबाप चालवतात आणि ट्रूपमध्ये मुलं चालवतात. हा बदल एका उन्हाळ्यात होतो आणि तो मुलांपेक्षा पालकांना जड जातो. आदल्या वर्षीपर्यंत प्रत्येक गोष्टीची ईमेल यायची, आता मुलगा म्हणतो 'सांगितलं होतं काहीतरी'. निरोप त्याला मिळालेला असतो. त्याने वहीत लिहिला नाही, एवढंच.

शंकासुर

दोन शंका. एक, गणवेश का शिवायचा नाही? दोन, हे 'मुलं चालवतात' ऐकायला गोड आहे, पण बारा वर्षांच्या पोराच्या हवाली माझं पोर करायचं का? सुरक्षेचं काय?

गाठनिरगाठ

गणवेशाचं सोपं आहे. पहिले काही आठवडे मूल उमेदवार असतं. वचन, नियम, खूण, डाव्या हाताचं हस्तांदोलन, ध्वज, रोजच्या सत्कृत्याची नोंद हे सगळं प्रवेशाच्या तयारीत येतं. ते झालं की दीक्षाविधी, आणि सदस्यत्वाचा बिल्ला त्या दिवशी मिळतो. त्याआधी लावायचा नसतो. काही मुलं त्या काळात गळतात, आणि उरलेल्यांची उंची वाढते. शिवाय रंगाची छटा चुकते. भारतात स्काउटचा शर्ट करडा, स्टील ग्रे, आणि पँट नेव्ही ब्लू. 'करडा' एवढंच सांगून कापड आणलं तर पाच मुलांचे पाच करडे होतात. पथकातून नमुना घेऊन जा. स्कार्फचा रंग प्रत्येक पथकाचा ठरलेला असतो, तो बाहेरून घेऊच नका.

स्कार्फ हा त्रिकोण असतो, भारतात त्याच्या दोन बाजू ७० ते ८० सेंटिमीटरच्या. घड्या घालायच्या नाहीत, गुंडाळायचा. टेबलावर पसरा, लांब बाजू आपल्याकडे, आणि दोघांनी दोन टोकांकडून घट्ट गुंडाळत न्या. मागे तळहाताएवढा त्रिकोण उरला की थांबा. हवेत धरून गुंडाळला की पीळ पडतो आणि दहा मिनिटांत तो सुटतो. वॉगल (स्कार्फ अडकवायचं कडं) गळ्याशी आवळू नका, थोडा खाली ठेवा.

बिल्ले शिवताना एकच चूक सगळे करतात: खिशावरचा बिल्ला शर्टासकट शिवतात आणि खिसा कायमचा बंद होतो. खिशात जाड पुठ्ठा घाला आणि मग शिवा. आधी मुलाला शर्ट घालायला लावून टाचणीने जागा पक्की करा, कारण टेबलावर सरळ दिसणारा बिल्ला अंगावर तिरका बसतो. गोंदाने चिकटवू नका. कापड तिथे कडक होतं आणि पुढचा बिल्ला शिवायला सुई आत जात नाही.

सुरक्षेवर सातासमुद्रापार लिहितील, त्यांच्याकडचे नियम जास्त नेमके आहेत.

सातासमुद्रापार

शंका रास्त आहे. संघनायक खेळ, गाठी, स्वयंपाकाची पाळी, तंबू हे बघतो. जीव, औषध, पाणी, आग, प्रवास याची जबाबदारी कायम मोठ्यांचीच. ब्रिटनमध्ये मुलांसोबत काम करणाऱ्या मोठ्यांची गुन्हेनोंद तपासली जाते, सुरक्षेचं प्रशिक्षण सक्तीचं असतं, आणि मुलांना रात्री मुक्कामी न्यायचं तर त्यासाठी वेगळा परवाना लागतो. देश कुठलाही असो, पथकाला थेट विचारा:

एकच मोठा माणूस आणि एकच मूल, असं बंद दाराआड कधी घडतं का? उत्तर 'कधीच नाही' असंच हवं. मोठे आणि मुलं एका तंबूत झोपतात का? नाही. कोणी प्रमुख मुलाला खासगी संदेश पाठवतो का? नाही, संदेश पालकांना किंवा सगळ्यांच्या गटावर. पालक आगाऊ न सांगता सभेला येऊन बसू शकतात का? हो.

या प्रश्नांनी चांगला प्रमुख कधीच दुखावत नाही. 'आमच्यावर विश्वास नाही का' असं उत्तर आलं तर दुसरं पथक बघा. आणि 'हे घरी सांगू नकोस' हे वाक्य कोणीही, कुठल्याही कारणाने म्हटलं तर ते लगेच घरी सांगायचं, एवढं मुलाला शिकवून ठेवा. गंमत म्हणून म्हटलं असलं तरी.

डेनदादा

अनुमोदन. इकडे प्रत्येक सभेला आणि सहलीला २१ वर्षं पूर्ण झालेले किमान दोन नोंदणीकृत मोठे लागतात. दुसरा आला नाही तर कार्यक्रम रद्द. पालक चिडतात, 'एवढ्यासाठी?' हो, एवढ्यासाठीच. मुली असतील तर त्यात एक नोंदणीकृत स्त्री हवी.

आरोग्याचा फॉर्म दर वर्षी नवा. अ आणि ब भाग सगळ्यांना, आणि सलग ७२ तासांपेक्षा मोठ्या शिबिराला डॉक्टरांनी तपासून भरलेला क भागही. शिबिराच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ मिळत नाही, म्हणून दोन महिने आधी बघा.

काडेपेटी

सामानाचं मी लिहितो, कारण शिबिरात रडण्याची निम्मी कारणं पिशवीत असतात.

पिशवी मुलाने भरायची. आईने भरलेल्या पिशवीत मुलाला काही सापडत नाही. मोजे आत असतात, पण 'कुठे' ते आईला माहीत. तुम्ही फक्त यादी वाचा आणि तो भरेल. वजन मुलाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत. तीस किलोच्या मुलाला सहा किलो, त्यात पाणीही आलं. दिवसाच्या सहलीला त्याच्या निम्मं. भरल्यावर काट्यावर ठेवा, अंदाजाने नको.

एकेका दिवसाचे कपडे एकेका प्लास्टिक पिशवीत, वर दिवसाचं नाव. मोज्यांचा एक जोड फक्त झोपताना घालायचा, तो दिवसा बाहेर काढायचा नाही. ओल्या मोज्यांनी झोपलेलं मूल रात्री दोनला उठतं. जाड सुती कपडे भिजले की वाळत नाहीत, थंडीत ते टाळा. नवे बूट शिबिरात कधीही नको, आधी दोन आठवडे रोज घालून मऊ करा. टॉर्चमधली एक बॅटरी उलटी घालून द्या, म्हणजे पिशवीत बटण दाबलं जाऊन ती संपणार नाही. मुलाला तसं सांगायला मात्र विसरू नका, नाहीतर टॉर्च बिघडली म्हणून ते अंधारात बसेल.

प्रत्येक गोष्टीवर नाव. चमच्यावरसुद्धा. शिबिर संपल्यावर उरणाऱ्या बेवारस ढिगातल्या वस्तू कोणीच ओळखत नाही, अगदी मालकही नाही.

फोन नको. का, ते पुढे कोणी विचारेलच.

नवखी_आई

विचारतेच! फोन का नको? आणि रात्री घरची आठवण आली तर?

काडेपेटी

दोन्हीचं उत्तर एकच. घरची आठवण दिवसा फारशी येत नाही, कातरवेळी आणि झोपताना येते, आणि पहिल्या एक-दोन रात्री सर्वांत जास्त. नेमक्या त्या वेळी आवाज ऐकला की बांध फुटतो. प्रमुखाकडे फोन असतोच, गरज पडली तर तो तुम्हाला लावेल.

निघताना 'करमलं नाही तर फोन कर, लगेच न्यायला येतो' असं चुकूनही म्हणू नका. प्रेमाने म्हटलेलं असतं, पण मुलाच्या कानाला ते 'तुला जमणार नाही असं मला वाटतंय' असं ऐकू येतं, आणि पहिल्या अडचणीला त्याला तोच दरवाजा दिसतो. 'दोन रात्री आहेत, रविवारी दुपारी चारला मी इथेच उभी असेन' एवढं पुरे. शिबिराआधी आजीकडे किंवा मित्राकडे एक-दोन रात्री राहायची सवय झालेली असेल तर खूप सोपं जातं.

आणखी एक, नाजूक आहे पण लिहितो. अंथरूण ओलं होत असेल तर प्रमुखाला आधी एकट्याला सांगा. ही गोष्ट त्यांना अजिबात नवी नसते. ठरलेल्या वेळी हळूच उठवतात, जास्तीची चादर ठेवतात, कोणाला कळत नाही. न सांगता पाठवलं तर मूल रात्रभर जागं राहतं.

गाठनिरगाठ

औषधांबद्दल: मूळ पाकिटातच द्या, वर मुलाचं नाव, किती आणि कधी हे कागदावर लिहून, प्रमुखाच्या हातात. पिशवीच्या कप्प्यात नाही. अपवाद दम्याच्या पंपाचा आणि ॲलर्जीच्या इंजेक्शनचा. ते मुलाजवळच राहतं आणि दुसरा संच प्रमुखाकडे. पंपात औषध शिल्लक आहे का ते घरीच तपासा.

शंकासुर

पटतंय हळूहळू. आता बिल्ल्यांचं सांगा. एक पालक सांगत होते की त्यांच्या मुलीने वर्षात सगळं संपवलं.

डेनदादा

मग बहुतेक पालकांनी संपवलं.

इकडे स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास या पहिल्या चारही पायऱ्यांच्या अटी एकाच वेळी पूर्ण करत राहता येतात, पदवी मात्र क्रमानेच मिळते. पुढे स्टार, लाइफ आणि शेवटी ईगल. ईगलला २१ मेरिट बॅज (एकेका विषयाचे बिल्ले) आणि समाजोपयोगी प्रकल्प लागतो, तोही अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी. म्हणून घाई आणि आळस दोन्ही धोक्याचे. दहा-अकराव्या वर्षी आलेल्या मुलाला सात-आठ वर्षं मिळतात. पहिल्या वर्षी पळवलं तर तेराव्या वर्षी कंटाळून सोडतं, आणि मोकाट सोडलं तर सतराव्या वर्षी सहा महिन्यांत सगळं बसवायची धावपळ होते, ती पुन्हा पालकांच्याच डोक्यावर.

गाठनिरगाठ

भारतात प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक टप्प्याला काही महिन्यांचं काम अपेक्षित असतं आणि ते नोंदवहीत तारखांसह दिसायला लागतं. इथे पालक हमखास अडकतात. मुलाने काम केलेलं असतं, वहीत मात्र काहीच नसतं, आणि चाचणी शिबिराच्या आदल्या रात्री आठ महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिल्या जातात. परीक्षकांना ते पहिल्या पानावरच कळतं. आठवड्याला पाच ओळी लिहून घ्या, बाकी तुम्ही काही करायची गरज नाही.

गाठी घरी करून घेता येतात, फक्त एक तपासा. रीफ नॉटमध्ये उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूने गेलं की दिसायला तशीच पण निसटणारी गाठ तयार होते. बरोबर गाठीची टोकं आपापल्या मुख्य दोरीला समांतर पडतात, चुकलेलीची आडवी फाकतात. आणि रीफ नॉट पट्टी बांधायला, गाठोडं बांधायला. वजन टांगायला ती कधीच नाही, हे मुलाला 'का' सकट यायला हवं. परीक्षक नेमकं तेच विचारतो.

नवखी_आई

वचनात देवाचं नाव येतं का? आमच्या घरी त्यावरून दोन मतं आहेत.

सातासमुद्रापार

भारताच्या वचनात 'ईश्वर' ऐवजी 'धर्म' म्हणायची मुभा आहे. ब्रिटनमध्ये २०१४ पासून कुठलाही धर्म न मानणाऱ्यांसाठी वेगळं वचन आहे, आणि इतर धर्मांनुसार शब्द बदलता येतात. दीक्षेच्या दिवशी सांगू नका, दोन आठवडे आधी प्रमुखाशी बोला. मूल पाठ करून बसलेलं असतं, ऐन वेळी शब्द बदलले की अडखळतं. नियमांची संख्याही देशागणिक वेगळी: भारतात नऊ, ब्रिटनमध्ये सात, अमेरिकेत बारा. देश बदलून आलेल्या मुलांना यावरून उगाच ओरडा बसतो.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. पालक म्हणून मी नक्की काय करू? इतक्या वेळा 'मध्ये पडू नका' वाचलं की वाटतं घरीच बसावं.

काडेपेटी

अहो, उलट! मुलांमध्ये पडू नका, सामानात पडा. शिबिराहून परतलेले तंबू ओले असतात. ते तसेच घडी करून ठेवले तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि कापडाचा वास जन्मात जात नाही. पथकाकडे आठ तंबू असतील तर आठ घरांनी एकेक न्यायचा, त्याच दिवशी पूर्ण उघडून वाळवायचा, तळ झाडायचा, खुंट्या मोजायच्या, तणाव्यांच्या गाठी सोडवायच्या आणि पुढच्या सभेला परत आणायचा. खुंट्या कमी भरल्या तर गुपचूप पिशवीत टाकू नका, चिठ्ठी लावा. कमी खुंट्यांचा तंबू पुढच्या वेळी पावसातच उघडला जातो.

त्याखेरीज हिशेब, गाडीची सोय, प्रथमोपचार पेटीतल्या मुदत संपलेल्या वस्तू काढणं. यातलं एकच काम घ्या आणि वर्षभर घ्या. सगळ्यात हात घालणारा पालक तिसऱ्या महिन्यात दिसेनासा होतो.

गाठनिरगाठ

आणि मुलाला न्यायला येताना आत या. रस्त्यावरून हॉर्न वाजवलात तर मूल एकटं गेटबाहेर पळतं, आणि आम्हाला ते कोणाबरोबर गेलं हे कळत नाही.

शंकासुर

एक तंबू माझ्याकडे लावा. गच्ची आहे.

काडेपेटी

गच्चीत वाळत घालताना चारी कोपऱ्यांना वजन ठेवा. खुंट्या ठोकता येत नाहीत हे लक्षात यायच्या आत तो शेजारच्या इमारतीवर गेलेला असतो.